बिरप्पाचा नंबर

बीदरमध्ये सज्जन माणसं पुष्कळ आहेत. बिरप्पा त्यांना हातमोज्यांवर मोजायचा.

एचआयव्हीच्या पेशंटचं रक्त काढताना, जखम धुताना डॉक्टरनं हातमोजे घालायलाच पाहिजेत, आणि ते कुणाच्याही बाबतीत. पण बिरप्पाची नुसती नाडी बघायला काही जण मोजे घालायचे, काही जण एकावर एक दोन घालायचे. एका डॉक्टरनं तर म्हणे तीन घातले होते, आणि त्या जाड बोटांना त्याच्या शर्टाचं बटण काही सुटेना. शेवटी बिरप्पानंच सोडून दिलं. तेव्हापासून तो माणसांची ओळख अशीच करून द्यायचा. "ते मोठे साहेब. दोन मोजे." "ते हेडमास्तर बोलायला गोड हायेत, पण तीन मोजे." नगरसेवक, किराणावाले, त्याचा सख्खा थोरला भाऊ, कुणी त्यातून सुटलं नव्हतं. भावाला त्यानं चार दिले होते. घरात त्याचं ताट वेगळं काढणारा पहिला माणूस तोच.

मला एक मोजा होता. तो कधी निघणार म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाला, "घाई कामून करायलास? नोकरी हाय अजून तुझी."

बीदरच्या एका दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या देणारं केंद्र आहे, तिथं मी कारकून. खिडकीच्या आत बसायचं, नाव लिहायचं, पुढची तारीख द्यायची. बिरप्पा त्या खिडकीबाहेरचा. आधी पेशंट म्हणून आला, मग एका संस्थेचा कार्यकर्ता म्हणून रोज यायला लागला. काम एवढंच, की गोळ्या चुकवणाऱ्या तरण्या पोरांना शोधायचं आणि परत आणायचं. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं काटक, नाक लांब. शर्ट कायम पांढरा आणि कडक इस्त्रीचा. घर धनगराचं. बाप आणि भाऊ मेंढरं विकून शेतीला लागलेले, घरात घोंगड्यांचा माग मात्र अजून चालू. हा बीदरला लागून असलेल्या नौबादला एका खोलीत एकटा राहायचा.

पहिल्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्यामागं पंधरावीस माणसं उभी होती, सगळी रुमालानं तोंड बांधून, जशी बाहेर वावटळ सुटलीय. आमच्याकडं नाव विचारलं की माणसं कुजबुजतात आणि गाव विचारलं की खोटं सांगतात. मी सवयीनं आवाज खाली आणून नाव विचारलं. त्यानं स्वतःचं, बापाचं, गावाचं, तालुक्याचं नाव अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं सांगितलं. लागण कशी झाली हा रकाना भरताना मी मान वर करत नसे. तो म्हणाला, "मला गडी आवडतेत. त्यातनं झाली. नीट लिही."

मी लिहिलं, आणि फाईलवर लाल पेनानं मोठा गोल काढला.

"लाल कामून?"

"पद्धत आहे."

"साखरेच्या फायलीला काढतेत का?"

"नाही."

"मग दुसरी फाईल कर. निळ्यानं."

मागं माणसं खोळंबली होती, म्हणून मी दुसरी फाईल केली. दुपारी मात्र मी आमच्यातल्या जुन्या माणसांना विचारलं की हा लाल गोल कुणाच्या हुकुमानं काढतो आपण? कुणालाच माहीत नव्हतं. हुकूम नव्हताच. माझ्या आधीचा कारकून काढायचा म्हणून मी काढत होतो, आणि त्या गोलावरून फाईल कुठल्या टेबलावर किती लांबून ठेवायची हे अख्खा दवाखाना ठरवत होता. शिकलेली माणसं सगळी. त्या आठवड्यात मी गोल बंद केला, तर तो का बंद केला हेही कुणी विचारलं नाही.

गोळी तो सकाळी घ्यायचा, दवाखान्यासमोरच्या हॉटेलात, सगळ्यांदेखत. आधी चुरमुऱ्यांचा सुशीला मागवायचा, मग खिशातली डबी काढून गोळी टेबलावर ठेवायचा, मग पाणी मागायचा. शेजारच्या बाकावरच्यानं बघितलं की स्वतःहून सांगायचा, "एचआयव्हीची हाय. बीपीची म्हणून सांगितलो असतो, पण मग तुम्ही माझं मीठ तोडाल." पहिल्या महिन्यात हॉटेलवाल्यानं त्याला तिथं येऊ नको म्हणून सांगून बघितलं. बिरप्पा दुसऱ्या दिवशी चार पोरं घेऊन आला आणि पाचही जणांनी दोन-दोन प्लेटी खाल्ल्या. हॉटेलवाल्याचा धर्म तिथंच बदलला.

दाताच्या डॉक्टरची गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे, कारण त्याला मीच नेलं होतं. दाढ सुजली होती, गाल कानापर्यंत आला होता. खासगी दवाखाना, भिंतीवर देवाचा फोटो, खाली थंड पाण्याचं मशीन. आम्ही पहिले पोचलो. बिरप्पानं कागद भरताना आजाराच्या जागी आजार लिहिला. काउंटरवरची पोरगी तो कागद घेऊन आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "तुम्हाला सगळ्यात शेवटी बोलावतील."

एकेक करत आठ जण आले. तिसरा आत जायला उठला तेव्हा बिरप्पा दाराशी जाऊन उभा राहिला. डॉक्टर बाहेर आले. भला माणूस, तक्रारीला जागा नाही, आवाजसुद्धा मऊ.

"गैरसमज करून घेऊ नका. तुमच्यानंतर सगळं सामान निर्जंतुक करावं लागतं, म्हणून शेवटी."

बिरप्पाला तोंड नीट उघडत नव्हतं. तरी तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "म्हंजे ह्या अक्काच्या नंतर करत न्हाईत?"

गालाला पदर लावून बसलेली बाई ताठ झाली.

"तसं नाही. सगळ्यांनंतर करतो."

"मग माझ्यानंतर बी तेच करायचं हाय की. मी शेवटी कामून?" बिरप्पा बाकावरच्या लोकांकडं वळला. "मी सांगून आलोय. तुमच्यात कुणाला हाय, कुणाला न्हाई, ते तुम्हालाच म्हाईत न्हाई. डॉक्टरसाहेब काय तोंड बघून ओळखतेत वाटतं."

दोन माणसं चपला घालून निघून गेली. ती बाई डॉक्टरला म्हणाली, "आधी ह्यांचं करा बाबा. बिचाऱ्याचा गाल बघवंना." तिला आजार कळला नव्हता असं नाही, तिला दाढदुखी कळत होती. डॉक्टरांनी त्याची दाढ आधी काढली, कदाचित तो लवकर जावा म्हणूनच. बाहेर आल्यावर कापूस चावत बिरप्पा म्हणाला, "दोन मोजे. पण हात हलका हाय. डोकंच तेवढं जड."

डिसेंबरात जागृतीचा कार्यक्रम असतो. एका वर्षी त्याला स्टेजवर बसवलं होतं. पाहुणे म्हणून आलेले एक अधिकारी बोलायला उठले आणि त्यांना गहिवरून आलं. म्हणाले, नवऱ्याकडून ज्यांना हा रोग मिळाला त्या निरपराध भगिनी आणि ती निरपराध लेकरं पाहिली की काळीज तुटतं. टाळ्या झाल्या. बिरप्पा मागच्या खुर्चीवरून उठला, माईकपाशी गेला नाही, जागेवरूनच म्हणाला, "साहेब, त्या निरपराध. मग आमच्यावर कुठलं कलम हाय? एक होतं, ते कोर्टानं काढलं. नवीन आलंय का?"

अधिकारी हसले. हसण्यावारी नेणं ही त्यांच्या नोकरीची पहिली पात्रता असते. मग चहा आला. स्टेजवरच्या सगळ्यांना कपबशी, बिरप्पाला कागदी पेला. त्यानं तो पेला उचलून अधिकाऱ्यांच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांची कपबशी उचलून चहा पिऊन टाकला. अधिकाऱ्यांनी कागदी पेल्याला हात लावला नाही. पुढच्या वर्षी बिरप्पाला बोलावणं आलं नाही, त्याच्या जागी पोस्टर लावलं. पोस्टर उलट बोलत नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल की माणूस मोठा धाडसी होता, आपण त्याची आरती ओवाळावी. पण त्याचं तोंड माणूस बघून चालायचं नाही, ही त्याची खोडच होती. एकदा औरादकडचं एक एकोणीस वर्षांचं पोरगं आमच्या व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून रडत होतं. बिरप्पा त्याच्या डोक्यावर उभा राहून म्हणाला, "रडायलास कामून? गोळ्या खा, जग. न्हाई खायच्या तर घरी जाऊन मर. हितं तमाशा नको." पोरगं डोळे पुसून उठलं आणि गेलं. पुन्हा आलं नाही. त्याच्या गोळ्यांची बाटली आमच्या कपाटात तशीच राहिली. काही महिन्यांनी तो गेल्याची बातमी आली. बिरप्पा माझ्या खिडकीशी आला, त्यानं त्या पोराची फाईल मागितली, उभ्याउभ्या सगळी वाचली आणि परत दिली. त्यानंतर कुठल्याही पोराशी बोलताना तो आधी खाली बसायचा, पोराच्या पायाशी, उकिडवा. पांढरी पँट मळायची. बाकी तोंड तेच राहिलं.

आता नागेशचं सांगतो. त्याचं नाव मी बदललंय. बिरप्पाला स्वतःचं बदललेलं आवडलं नसतं, म्हणून त्याचं तसंच ठेवलंय.

नागेश खटकचिंचोळीकडचा, तेवीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला. बापामागं आईनं आणि मामानं वाढवलेला. सुरुवातीला आमच्याकडं तो एकदाच आला. आधी समुपदेशकानं विचारलं, कुठल्या बाईकडं गेलतास? त्यानं मान हलवली. मग डॉक्टरांना त्यानं खरं सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, हे वय असतंच असं, लग्न कर, सुटेल. मग तो माझ्या खिडकीशी आला. मी गावाचं नाव वाचलं आणि मला बरं वाटलं, कारण तिथं माझी आत्या दिलेली आहे. मी हसून विचारलं, "तू कुणाचा रे? दुकानवाल्यांचा भाचा न्हवं?"

तो "न्हाई" म्हणाला, गोळ्या घेऊन गेला आणि परत आला नाही.

चार महिन्यांनी बिरप्पानं चुकलेल्यांच्या यादीत त्याचं नाव काढलं. कुणाकुणाला फोन करून शोध लावला, तर कळलं की पोरगं आमच्याऐवजी कलबुर्गीला जायचं, खोटा पत्ता देऊन. अर्धा दिवस जायला, अर्धा यायला, दर खेपेला घरी वेगळी थाप. मग थापा संपल्या, गोळ्याही संपल्या. आता घरात पडून आहे, कावीळ झाली म्हणून झाडपाला चालू आहे.

"हितनं पळालं कामून?" बिरप्पानं मला विचारलं. "तू काय बोललास?"

"काही नाही. कुणाचा म्हणून विचारलं. आपुलकीनं."

त्यानं यादी घडी करून खिशात घातली. "डॉक्टर येडं हाय म्हणून सोडून दिलं असतं त्यानं. पण तू वळखलास." मग म्हणाला, "मोटारसायकल काढ रविवारी. तू घालवलास, तू आणायचं."

रविवारी तो दोन घोंगड्या खांद्यावर टाकून आला. गावोगाव जायला त्याचा हाच परवाना होता. घोंगडीवाला कुठल्याही अंगणात बसतो, त्याला कुणी कामून आलास म्हणून विचारत नाही.

नागेशची आई चांगली बाई. तिनं पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. मी आत्याचं नाव सांगितलं, तिची ओळख निघाली. आतल्या खोलीत बाजेवर पोरगं भिंतीला टेकून बसलं होतं. दार उघडंच होतं. मी त्याला ओळखलं नाही. गळ्याची हाडं वर आली होती, ओठ फुटले होते, आणि केंद्राच्या व्हरांड्यात पाहिलेल्या बिरप्पाला बघून त्याच्या तोंडावर जी भीती आली ती मरणाची नव्हती. आपण आता उघडे पडणार, एवढीच होती. बिरप्पा त्याच्याकडं बघितलं न बघितलं करून घोंगडी उलगडायला लागला.

तेवढ्यात मामा आला. खताबियाण्यांचं दुकान, गळ्यात चेन, देवळाच्या कमिटीवर. त्यानं बिरप्पाला डिसेंबरातल्या त्या कार्यक्रमात पाहिलं होतं.

"ए, तू तो न्हवं का? स्टेजवरचा?"

आतून बाजेचा आवाज आला.

मला वाटलं, आता बिरप्पा सुरू होणार. कलम विचारणार, मोजे मोजणार. तो उठून उभा राहिला, हात पोटाशी धरले आणि म्हणाला, "व्हय मालक. तोच."

"आमच्या अंगणात कामून आलास?"

"घोंगड्या इकायलोय. ह्या साहेबांच्या आत्याचं गाव हाय, त्यांनी आणलं."

"आधीच धनगर, त्यात असला," मामा बहिणीला म्हणाला. बिरप्पा तिथं नाहीच अशा आवाजात. "आन् तू ह्याला पाणी दिलीस. तांब्या कुठला दिलीस?"

तिनं तांब्याकडं बोट दाखवलं. मामानं तो पायानं अंगणाबाहेर लोटला. मग बिरप्पाला म्हणाला, "उचल तुझं. जिथं बसलास तिथं झाडून जा."

बिरप्पानं झाडलं. कोपऱ्यातला खराटा घेऊन, बसल्या जागेवरून अंगणाच्या बाहेरच्या कडेपर्यंत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, नीट झाडलं. मी उभा होतो. मी सरकारी कागदावर सही करणारा माणूस, मामाला दोन शब्द बोलू शकलो असतो. बोललो नाही. खराटा घेण्याआधीच बिरप्पानं घोंगडीखालून माझा हात दाबून धरला होता हे खरं आहे, पण तो दाबला नसता तरी मी बोललो असतो असं मला वाटत नाही.

घोंगड्या घडी करून झाल्यावर तो नागेशच्या आईला म्हणाला, "माय, पोराला कावीळ दिसंना. डोळे पिवळे न्हाईत. बीदरला दाखवा. हे साहेब दवाखान्यातच हायेत, लवकर नंबर लावतील." मामाला म्हणाला, "मी न्हाई मालक तिथं. मी घोंगड्यावाला."

मामालाही ते पटलं. दवाखान्यात ओळख असलेला माणूस घरी चालत आलाय, तो कशाला सोडायचा. त्यानं माझा नंबर लिहून घेतला आणि मला चहा प्यायला थांबवलं. मी प्यालो. बिरप्पा बाहेर मोटारसायकलपाशी उन्हात उभा होता. येताना वाटेभर तो एकच वाक्य बोलला. "पोरानं ऐकलं न्हवं, मी कुणाचं नाव घेतलो न्हाई ते?"

तिसऱ्या दिवशी नागेश आला, आईबरोबर. मी नाव विचारलं आणि लिहिलं. बस. तपासण्या झाल्या, क्षय निघाला, त्याचंही औषध चालू झालं. आईला क्षयाचंच सांगितलं. क्षय सांगता येतो. एवढी प्रगती आपल्या समाजानं केली आहे. पुढं त्याच्या तारखेला बिरप्पा केंद्रात यायचा नाही, समोरच्या हॉटेलात बसून राहायचा. पोरगं बसमध्ये बसलं की आत येऊन मला विचारायचा, "वजन?" मी सांगायचो. लग्नाचा विषय निघाला की नागेश नोकरीचं निमित्त पुढं करायचा, ते त्याला बिरप्पानंच फोनवरून शिकवलं होतं. पोरगी फसवायची न्हाई, एवढी एक अट घातली होती त्यानं.

पुढच्या पावसाळ्यात संस्थेचं काम बंद पडलं. कागदावर लिहिलं होतं, उद्दिष्ट साध्य झालं. बिरप्पाला कलबुर्गीत तसंच दुसरं काम मिळालं. मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो. आम्ही बाकावर बसलो होतो. दहा पावलांवर भालकीच्या गाडीची वाट बघत मामा उभा होता, आणि त्याच्याजवळ नागेश.

नागेशनं आम्हाला बघितलं. माझ्याकडं बघून किंचित मान हलवली, दवाखान्यातल्या साहेबाला हलवतात तशी. बिरप्पावरून त्याची नजर अशी फिरली जशी खांबावरून फिरते. मग मामानंही बघितलं. त्यानं हनुवटीनं बिरप्पाकडं दाखवून भाच्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि नागेश हसला. तोंडदेखलं नव्हे, चांगला खदखदून हसला. मामानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

माझं डोकं फिरलं. मी उठायला लागलो तर बिरप्पानं माझं मनगट धरलं.

"बस खाली."

"अण्णा, हसायलाय तो. तुमच्यावर."

"दिसायलंय मला." तो नागेशकडंच बघत होता, मान जराशी वाकडी करून, जसा घोंगडीचा पोत बघायचा. "मागं एवढा हसला असता तर खोकून जाग्यावर बसला असता. आता बघ, दम लागंना. गाल बी भरलेत."

"एक शब्द बोलता आला नसता का त्याला?"

"माझ्याशी बोलून काय मिळवंल ते? गाव सोडावं लागंल." मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मामा मात्र चार मोजे. भावाच्या बरोबरीला आला."

कलबुर्गीची गाडी लागली. आत गर्दी होती. एका सीटवर कुणीतरी पिशवी ठेवून जागा धरली होती, ती त्यानं उचलून त्या माणसाच्या मांडीवर ठेवली आणि खिडकीशी बसला. तो माणूस काहीतरी म्हणाला. बिरप्पा त्याच्याकडं वळला. काच बंद होती, ऐकू काही आलं नाही. गाडी मागं सरकली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली, तोवर मला त्याचा पांढरा शर्ट दिसत होता आणि एक हात, शेजारच्याला सावकाश, एकेक करून काहीतरी समजावून सांगणारा.